शब्दचर्चा: ‘पॅलिएटिव्ह केअर’ला आपल्या भागात काय म्हणावं?

बालाघाट
मंडळी, एक शब्द हवा आहे. बीड आणि धाराशिवकडच्या खेड्यांत वाटायला पत्रक लिहिते आहे. आजार आता पूर्ण बरा होणार नाही, अशा माणसाच्या घरच्यांसाठी. विषय पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी ठेवणारी काळजी. छापील मजकुरात ‘उपशामक काळजी’ असा शब्द भेटतो. तो गावातल्या आशाताईंना (आरोग्यसेविकांना) वाचून दाखवला, तर पहिलाच प्रश्न आला, “म्हणजे झोपेची गोळी का?” ‘परिहार सेवा’ कसं वाटतं?

मांजराकाठ
‘परिहार’ नको. श्रमपरिहार म्हटलं की आपल्याकडे पंगत डोळ्यांपुढे येते. मूळ शब्दाचं भाषांतरही जमत नाही. लॅटिन ‘पॅलियम’ म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र, पांघरूण. आणि मराठीत पांघरूण घालायचं ते कुणाच्या तरी चुकांवर. ही अडचण आपलीच नाही. लंडनला १९६७ साली सिसिली सॉन्डर्स यांनी आधुनिक हॉस्पिस (आयुष्याच्या अखेरीला आलेल्यांची काळजी घेणारं ठिकाण) सुरू केलं. पण माँट्रियलच्या डॉ. बाल्फर माउंट यांना ‘हॉस्पिस’ वापरता येईना, कारण तिथल्या फ्रेंचमध्ये त्याला अनाथ-निराधारांच्या आसऱ्याचा वास होता. म्हणून त्यांनी ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे नाव घेतलं.

परिचारिका, लातूर
बालाघाटताई, शब्द आपल्या बायकांच्या तोंडी आहेच. ‘तिनं सासूचं लई केलं.’ ‘बापाचं जागेवर सगळं केलं, कधी तोंड वाकडं केलं नाही.’ काय केलं ते सांगावं लागत नाही. हगणं-मुतणं, अंग पुसणं, रात्री जागून काढणं, सगळं त्या ‘केलं’मध्ये येतं.

आणि नेमकं हेच क्रियापद घरच्यांच्या हातून काढून घेतलं जातं. मोठ्या दवाखान्यातून पेशंट परत येतो तो ‘आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या’ हे वाक्य घेऊन. गावात बातमी होते, ‘डॉक्टरनं हात टेकले.’ मग कोणी मांत्रिकाकडे पळतं, कोणी जमीन गहाण टाकून हैदराबाद गाठतं. माझं ठाम मत आहे की ते वाक्य मराठी म्हणूनही चूक आणि वैद्यक म्हणूनही. बरं करणं थांबलेलं असतं. करणं थांबलेलं नसतं.

पत्रकात ते ‘करणं’ उलगडून लिहा. तोंडाच्या कॅन्सरची जखम चिघळली की वासानं नातवंडंसुद्धा खोलीत येत नाहीत. मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून तिची पूड जखमेवर टाकतात (किती, कितीदा ते डॉक्टर सांगतील), वास कमी होतो, पोरं परत जवळ बसतात. अंथरुणाला खिळलेल्याला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, पडून राहून जखम होत नाही ना म्हणून माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या. दुखणं फार असेल तर मॉर्फिन. ‘मॉर्फिन लागलं म्हणजे संपलं’ ही भीती घराघरांत आहे, ती काढा. तोंडानं घ्यायची साधी गोळी असते, दर चार तासांनी, मात्रा डॉक्टर बसवतात. हमखास बद्धकोष्ठ होतं म्हणून पोट साफ ठेवायचं औषध सोबत असलंच पाहिजे. अमली पदार्थांच्या कायद्याच्या जाचामुळे मॉर्फिनची गोळी मिळणं मुश्किल होतं. २०१४ च्या दुरुस्तीनं नियम सोपे झाले, तरी आपल्या तालुक्यांत ती अजून सहज हाती पडत नाही, याची चीड येते.

आणखी एक शब्द नक्की घ्या: घरघर. ‘घरघर लागली’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. पण ती ऐकून घरचे घाबरतात, जीव गुदमरतोय म्हणून पाणी पाजायला धावतात. घशात साठलेला स्राव श्वासाबरोबर वाजतो, माणूस बहुधा शुद्धीत नसतो. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच ठेवा. चमच्यानं पाणी ओतलं तर फुप्फुसात जायची भीती. ओल्या कापसानं ओठ आणि जीभ भिजवा. शेवटचं पाणी द्यायचं मनात असेल, तर तेही त्या कापसानंच देता येतं.

मांजराकाठ
सिस्टर, ‘केलं’ला तोड नाही. एकच भर: पत्रक शेवटच्या दिवसांपुरतं ठेवू नका. ही सेवा निदान झाल्यापासून, केमो चालू असतानाही देतात. हृदय, किडनी, फुप्फुसाच्या जुनाट आजारांतही देतात. चरकानं असाध्य रोगांचे दोन भाग केले, त्यातला एक ‘याप्य’: बरा होत नाही, पण उपचार चालू असेपर्यंत माणूस तग धरतो. ‘कालयापन’मधलंच ते यापन. पत्रकात हा शब्द चालणार नाही, पण कल्पना जुनी आहे हे आशाताईंना जरूर सांगा.

बालाघाट
आमच्या बैठकीत एका सरपंचांनी विचारलं, “हे इच्छामरण तर नाही ना?”

परिचारिका, लातूर
नाही, आणि हे पहिल्या पानावर लिहा. या सेवेत मरण जवळ आणायचं नसतं आणि ओढून लांबवायचंही नसतं. व्हेंटिलेटर नको असं आधीच लिहून ठेवणं ही वेगळी गोष्ट. त्याला सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित केलेलं चालतं.

बालाघाट
मग मथळा असा धरते: ‘आपल्या माणसाचं घरी करताना’. खाली बारीक अक्षरात ‘पॅलिएटिव्ह केअर’, कारण दवाखान्यात चौकशी करायला तोच शब्द लागेल. आत ‘रुग्ण’ लिहू की ‘दुखणेकरी’?

परिचारिका, लातूर
दोन्ही नको. मथळ्यात ‘आपलं माणूस’ म्हणताय ना, आतही तेच ठेवा. आणि छापायच्या आधी आशाताईंकडून मोठ्यानं वाचून घ्या. जिथं अडखळतील तो शब्द बदला.