तुमचा कुत्रा गवत खातो का? नाशिककरांनो, अनुभव सांगा

आमचा लाडू, साडेचार वर्षांचा लॅब्रेडॉर. रोज पहाटे गोदापार्कला नेते त्याला आणि संध्याकाळी सोसायटीच्या लॉनवर. बाकीची कुत्री वास घेत फिरतात, हा मात्र ठरलेला कोपरा गाठून शेळीसारखा हरळी चरत बसतो. नुसतं चाटणं नाही, कोवळी पाती निवडून खातो. बघणारा प्रत्येक जण काहीतरी सांगून जातो. कोणी म्हणतं पोट बिघडलंय, कोणी म्हणतं उष्णता झालीये सब्जा द्या, एक आजोबा म्हणाले त्याला औषध कळतं, खाऊ दे. गेल्या महिन्यात घरी येऊन पिवळं पाणी आणि गवताचा गोळा ओकला तेव्हा माझा जीव खालीवर झाला. डॉक्टरांनी तपासलं, पोट मऊ, ताप नाही, जेवण व्यवस्थित, मग म्हणाले कधी खातो ते लिहून ठेवा. कॅलेंडरवर खुणा केल्या. ३१ दिवसांत १९ दिवस गवत खाल्लं, उलटी ३ वेळा. म्हणजे "ओकायलाच खातो" हे काही जुळेना.

मग वाचायला लागले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी दीड हजारावर कुत्रेवाल्यांना विचारलं होतं, ते २००८ साली छापून आलं. त्यात ६८ टक्के लोकांनी सांगितलं की कुत्रा रोज किंवा दर आठवड्याला गवत-झाडपाला खातो. खाण्याआधी बरेचदा आजारी वाटतो असं म्हणणारे फक्त ८ टक्के, आणि नंतर नेहमी ओकतो असं म्हणणारे २२ टक्के. लांडग्यांच्या विष्ठेतही गवत सापडतं म्हणे. म्हणजे सवय जुनी आहे, सहसा आजार नाही. पण मग काळजी कधी करायची? तुमच्याकडे काय झालं, काय केलंत, सविस्तर लिहा.

चिकूची आई, इंदिरानगर

ताई, आमची चिकू घरी आणली तेव्हा चार महिन्यांची होती आणि जॉगिंग ट्रॅकच्या कडेचं गवत अधाशासारखी खायची. पिल्लं सगळंच तोंडात घालतात म्हणून मी सोडून दिलं, ते चुकलं. एक दिवस तिच्या शीवर भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे दिसले, हलत होते. डॉक्टर म्हणाले पट्टकृमी, आणि हे पिसवांमधून येतात, अंग खाजवताना कुत्रा पिसू गिळतो त्यातून. म्हणून नुसतं जंताचं औषध देऊन भागत नाही, पिसवा पण घालवाव्या लागतात, अंथरूण गरम पाण्यात धुवावं लागतं. औषध वजन करूनच द्या, अंदाजे नाही. आता दर तीन महिन्यांनी देते, मोबाईलवर आठवण लावलीये. गवत खाणं निम्म्यावर आलं, पूर्ण बंद नाही झालं.

राजावाले, पिंपळगाव बसवंत

आमच्याकडं बाग आहे द्राक्षाची त्यामुळं माझं सांगणं वेगळं आहे, गवत खाल्लं तर खाल्लं पण त्या गवतावर काय पडलंय ते बघा. ऑक्टोबर छाटणीनंतर वातावरण खराब झालं की डावणीच्या (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) भीतीनं फवारणीवर फवारणी चालते, ब्लोअर फिरला की फवारा बांधापर्यंत जातो, आणि वर बांधावर तणनाशक मारतो ते वेगळंच. दोन वर्षांपूर्वी राजानं बांधावरचं गवत खाल्लं, तासाभरात तोंडातून लाळेची तार, मागचे पाय थरथरायला लागले, डोळ्याच्या बाहुल्या एवढ्याशा झालेल्या. घरात म्हणत होते मीठपाणी पाजून ओकवा. मी नाही पाजलं, आणि ते बरं झालं, कारण डॉक्टर नंतर म्हणाले मीठपाण्यानंच जनावर दगावू शकतं. मी फक्त एक केलं, त्या दिवशी मारलेल्या कीटकनाशकाची बाटली पिशवीत घातली आणि राजाला गाडीत टाकून तालुक्याला गेलो. लेबल वाचून त्यांनी लगेच कोणतं इंजेक्शन द्यायचं ते ठरवलं. रात्रभर सलाईन. वाचला.

तेव्हापासून फवारणीच्या दिवशी आणि पुढचे काही दिवस राजा पडवीत बांधलेला असतो, त्याला आवडत नाही पण इलाज नाही. आणि शहरातल्या लोकांना हात जोडून सांगतो, द्राक्षं, बेदाणे कुत्र्याला प्रेमानं सुद्धा देऊ नका, किडनी जाते. टार्टारिक ॲसिडमुळं होत असावं असं आता मानतात, चिंचेत पण तेच असतं. कांदा तर नाहीच नाही, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या जिल्ह्यात घराघरात याच दोन गोष्टी पडलेल्या असतात म्हणून लिहिलं.

सिंबाचा दादा, सिडको

आमचा इंडी म्हणजे देशी कुत्रा आहे, रस्त्यावरून आणलेला. सकाळी फिरायला नेलं की आधी गवत, मग बाकी सगळं. आईचं म्हणणं उपाशी आहे म्हणून खातो आणि मला ते पटत नव्हतं, पण ऑस्ट्रेलियात कुत्र्यांवर एक अभ्यास झालाय २००७ चा, त्यात जेवणाआधी कुत्र्यांनी जास्त गवत खाल्लं, जेवणानंतर कमी. आईचं बरोबर निघालं. सिंबाचं रात्रीचं जेवण सातला व्हायचं आणि नंतर थेट सकाळी दहाला. आता रात्री साडेनऊला देतो आणि फिरायला निघायच्या आधी मूठभर काहीतरी. पोटभर नाही हं, भरल्या पोटी पळवायचं नसतं. दूध-पोळीवर होता, ते बदलून भात, चिकन आणि उकडलेला लाल भोपळा सुरू केला, बिनमसाला, बिनमिठाचा. भोपळ्यात चोथा असतो. पंधरा दिवसांत फरक दिसला, शी पण बांधून व्हायला लागली. प्रत्येकाला लागू पडेलच असं नाही.

पांडवलेणीच्या पायथ्याशी राहणारी

कुसळाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पावसाळ्यात हिरवं असतं तोपर्यंत ठीक, दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत वाळतं आणि त्याची कुसळं सुटतात. आमची कुत्री माऊ डोंगर चढून आली आणि एकसारखी शिंकायला लागली, एका नाकपुडीतून रक्ताचा थेंब. कुसळ आत गेलं होतं. त्याची घडणच अशी असते की पुढे सरकतं, मागे येत नाही, म्हणून घरी चिमट्यानं ओढायला जाऊ नका, भूल देऊन काढावं लागलं. कानात, बोटांच्या बेचक्यात पण शिरतं. दिवाळी ते होळी मी तिला डोंगरावर नेत नाही, आणि एरवी फिरून आल्यावर पंजे, कान, काखा बघते. त्याच वेळी गोचीड पण सापडतात. एका पावसाळ्यात गोचीडतापानं पंधरा दिवस काढलेत आम्ही, जेवण बंद, हिरड्या पांढऱ्या.

ब्रूनोचे बाबा, नाशिकरोड

वरचं सगळं वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटते, सांगताना अजून घशाशी येतं. गवत खाणं नॉर्मल आहे हे आम्हालाही माहीत होतं म्हणूनच आमचा उशीर झाला. ब्रूनो, नऊ वर्षांचा डॉबरमन. रात्री जेवला, तासाभरानं अंगणात जाऊन घाईघाईनं दिसेल ते गवत ओरबाडायला लागला, चावत पण नव्हता. मग ओकायला बघायचा, आवाज यायचा पण बाहेर काहीच येईना, नुसता फेस. बसला की उठायचा. मी म्हटलं गवत खाल्लंय, ओकेल आणि मोकळा होईल. अर्ध्या तासानं पोटाला हात लावला तर नगाऱ्यासारखं ताणलेलं. जठराला पीळ पडला होता. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांना होतं हे आणि काही तासांचाच खेळ असतो. पहिल्या दोन ठिकाणी रात्री फोन उचलला नाही, तिसऱ्या ठिकाणी रात्री एकला ऑपरेशन झालं, पीळ सोडवून जठर पोटाच्या भिंतीला आतून शिवून टाकलं. त्यानंतर ब्रूनो दोन वर्षं जगला. तेव्हा एवढं कराच, रात्री उघडा असणारा डॉक्टर कोण हे आजच विचारून नंबर फ्रीजवर लावून ठेवा. उलटीचा प्रयत्न आणि बाहेर काही नाही, पोट फुगलेलं, की थांबायचं नाही.

पंचवटी, दोन मांजरं आणि एक पग

आमच्याकडे आईनं गणपतीसाठी कुंडीत दूर्वा लावल्यात, पगचा डोळा त्याच कुंडीवर. शेवटी त्याला वेगळी कुंडी केली. गहू भिजवून पसरले की आठवड्यात खाण्याजोगे गव्हांकुर होतात. खत नाही, औषध नाही. बाहेरचं खाणं बरंच कमी झालंय.

चिकूची आई, इंदिरानगर

अजून एक राहिलं. पट्टा ओढून भांडू नका, ओढलं की त्या घाईत जास्त गिळतात. चिकूला घरी आधी "सोड" शिकवलं, हातातली वस्तू सोडली की उकडलेल्या चिकनचा बारका तुकडा. मग तेच बाहेर. महिना लागला. आणि कुंपणाला कण्हेर असेल तिथून लांबूनच न्या, पांढरी-गुलाबी असो की पिवळी, ती हृदयावर जाते, थोडी पण चालत नाही. शी करताना गवताचं पातं लोंबकळत राहिलं तर ते खेचून काढू नका, आतडं दुखावू शकतं.

लाडूची आई (धागा सुरू करणारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. ब्रूनोच्या बाबांचं दोनदा वाचलं, नंबर लावलाय फ्रीजवर. राजावाल्या दादांचं वाचून सोसायटीच्या माळ्याला विचारलं तर तो सहज म्हणाला, हो ताई, फरशीच्या कडेचं तण जाळायला महिन्यातून एकदा औषध मारतो की. आमचा ठरलेला कोपरा त्याच फरशीच्या कडेला आहे. मारायच्या आधी ग्रुपवर टाकायचं असं कमिटीशी बोलून ठरवलंय, लॉनवर जाणं तूर्त बंद. सकाळी निघताना उकडलेलं अर्धं अंडं आणि भोपळा देतेय. बाल्कनीत जुन्या ट्रेमध्ये गहू पेरलेत, आज चौथा दिवस, अजून बोटभर पण वर आले नाहीत आणि लाडू दर तासाला जाऊन वास घेऊन येतोय.