खाणीच्या जुन्या डंपवरील हिरवळ निरोगी आहे, हे कशावरून ठरवावे?

डिचोलीकर
आमच्या तालुक्यातील लोहखनिजाच्या एका जुन्या डंपवर (खाणीतील टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यावर) सुमारे वीस वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड झाली आणि आज तो दुरून दाट रानासारखा दिसतो. पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीतर्फे आम्हाला त्याची पाहणी करायची आहे. जुन्या कागदपत्रांत जगलेल्या रोपांची टक्केवारी तेवढी सापडते. प्रत्यक्षात झाडांखाली वाळक्या पानांच्या थराखेरीज फारसे काही दिसत नाही. महागड्या उपकरणांविना, एका पावसाळ्यात काय तपासावे?

रानवाटा
मोठी झाडे मोजण्यात वेळ दवडू नका, त्यांच्याखाली आपोआप उगवलेली रोपे मोजा. माथा, उतार आणि पायथा अशा तिन्ही ठिकाणी दहा मीटरचे काही चौकोन आखून त्यांतील प्रत्येक जात नोंदवा. किंदळ आणि कुडा यांच्या बिया वाऱ्यावर येतात, करवंद मात्र पक्ष्या-प्राण्यांच्या पोटातून येते. त्यामुळे किंदळ-कुडाच सापडले आणि करवंदासारखे एकही फळझाड नसले, तर पाखरे तिथे थांबत नाहीत असा तर्क करता येतो. बाभळीचीच पिल्ले सर्वत्र दिसली, तर स्थानिक रान तिथे अजून रुजू लागलेले नाही. तुलनेसाठी जवळचे न खणलेले रान घ्यावे. मूळ जागी जांभ्याचा सडा (उघडे कातळी पठार) असला, तरी सैल मातीच्या ढिगाऱ्यावर सडा परत येत नाही, म्हणून तो मापदंड धरणे अन्यायाचे होईल. मुंग्यांच्या जातीही टिपा. पश्चिम ऑस्ट्रेलियातील बॉक्साइट खाणींवर शास्त्रज्ञ जोनाथन मेजर यांनी खणलेल्या जमिनीवर रान कितपत परतले, हे मुंग्यांवरूनच जोखले होते.

मातीपरीक्षक
वरील उत्तरात माती राहून गेली. या बाभळीची 'पाने' म्हणजे खरे तर चपटे झालेले देठ असल्याने ती सावकाश कुजतात. थर हाताने उचलून पाहा: खाली अर्धवट कुजलेला काळसर भाग आणि बुरशीचे धागे आहेत, की लगेच कोरी तांबडी माती लागते? तळ नसलेला पत्र्याचा डबा जमिनीत थोडा ठोकून त्यात एक लिटर पाणी ओता आणि ते मुरायला लागणारा वेळ डंपवर व शेजारच्या रानात मोजा. मोठ्या सरीनंतर पायथ्याच्या ओहोळाचे पाणी पारदर्शक बाटलीत भरून रात्रभर ठेवा. जिथे चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तिथे बाटलीच्या तळाशी बसलेला गाळ उपग्रहाच्या हिरव्या चित्रापेक्षा अधिक सांगतो, असे माझे मत आहे.

कुळागर
बाभळीला सरसकट दोष देऊ नये. ती हवेतील नत्र मातीत स्थिर करते आणि उघड्या ढिगाऱ्यावर पहिली सावली तिनेच दिली. चूक झाली ती नंतर विरळणी करून स्थानिक झाडे न लावण्यात. एक प्रश्न समितीने आधीच सोडवावा, तो म्हणजे हे रान कोणासाठी हवे आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये खाणपट्ट्यांच्या अटींत गवत पुन्हा रुजवून जमीन चाऱ्याजोगी करण्याची अट घालण्यास सांगितले होते, आणि बाभळीच्या सलग सावलीत गुरांना चरण्याजोगे गवत वाढत नाही.

डिचोलीकर
आभारी आहे. चौकोन पुढच्या आठवड्यात आखतो. बाटल्या ज्यांच्या भातशेतात गाळ येतो त्याच शेतकऱ्यांकडे देतो, म्हणजे पहिली मोठी सर चुकणार नाही.