सायक्स-पिकोच्या नावाने किती दिवस बिलं फाडणार?

चिकित्सक: काल एकाने लिहिलं, 'दोन साहेबांनी 1916 ला नकाशावर पेन्सिल फिरवली, तेव्हापासून इराक-सीरिया जळतंय.' म्हणजे इंग्रज सायक्स आणि फ्रेंच पिको, यांनी तुर्कांचा अरब मुलूख आपसात वाटून घेण्याचा केलेला गुप्त करार. त्यावर टाळ्याही पडल्या. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

अहो, त्या नकाशात मोसुल (आजच्या उत्तर इराकातलं) फ्रेंचांच्या वाट्याला होतं! मग इराकात आलं कसं? 30 ऑक्टोबर 1918 ला तुर्कांशी युद्धबंदी झाली आणि त्यानंतर इंग्रज मोसुलात घुसले. डिसेंबरात फ्रेंच पंतप्रधान क्लेमांसोने लंडनला येऊन ते इंग्रज पंतप्रधान लॉइड जॉर्जच्या पदरात टाकलं. तुर्कस्तान भांडत राहिला. 1925 ला लीग ऑफ नेशन्सने (तेव्हाचा राष्ट्रसंघ) निकाल इराकच्या, म्हणजे इंग्रजांच्या हाताखालच्या देशाच्या, बाजूने दिला, आणि 1926 च्या तहात तुर्कांना तेलाच्या रॉयल्टीतले 10 टक्के, 25 वर्षांसाठी, देऊन गप्प केलं. पेन्सिल कसली, हा तर गुंठेवारीचा व्यवहार.

दिवाभीत: म्हणजे दोन साहेबांऐवजी चार साहेबांनी केलं. मोठाच फरक! 1920 ला तुर्कांशी झालेल्या सेव्हरच्या तहात कुर्दांना (तिथल्या डोंगराळ भागातली वेगळी जमात) स्वतंत्र मुलखाचं गाजर, 1923 ला त्याच्या जागी आलेल्या लोझानच्या तहात त्यांचं नावसुद्धा नाही.

स्टुटगार्टला माझ्या शेजारच्या टेबलावर हलबजाचा (इराकातलं कुर्द गाव) माणूस होता. कुठला विचारलं की गावाचं नाव सांगायचा, देशाचं कधीच नाही. पासपोर्ट मात्र इराकी. 16 मार्चला न चुकता रजा टाकायचा. 1988 ला त्याच दिवशी सद्दामने गावावर विषारी वायू सोडला होता. त्याला सांगा तुमची गुंठेवारी.

बखरवाला: वाईटच झालं. पण कुर्दांचे तुकडे साहेबाने पाडले हे साफ चूक. 1514 ची चाल्दिरानची लढाई, 1639 चा झुहाबचा तह. तुर्क आणि इराण्यांनी त्यांना कधीच वाटून घेतलं होतं. आणि वायू सद्दामने सोडला. सायक्स 1919 लाच फ्लूने गेला होता, त्याच्या माथी किती मारणार?

सातारी_तोफ: अवांतर, पण राहवत नाही. साहेब साहेब करताय, मुलूख घ्यायला गेलं कोण होतं? इराकातल्या कुत-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात अडकली ती इंग्रजांच्या हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन. त्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी. शरणागती 29 एप्रिल 1916 ला, सायक्स-पिको करार 16 मेला. सतराच दिवस! आपली पोरं कैदी म्हणून वाळवंट तुडवतायत आणि तिकडे वाटणी चाललीय. माझे पणजोबा त्या वेढ्यात होते. उपाशी राहिले, पण घोड्याचं मांस तोंडाला लावलं नाही.

बखरवाला: शेवटी बऱ्याच हिंदी शिपायांनी खाल्लं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशाने परवानगी मागवली होती. बाकी घरोघरचे पणजोबा उपाशीच राहिलेले असतात. ह. घ्या.

सातारी_तोफ: हलकं कसं घेऊ? मेलेल्या माणसाला खोटं पाडताय. आजी सांगायची, परत आले तेव्हा हिरड्या काळ्या आणि पुढचे दात गेलेले. वय तिशीच्या आत. भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागायची.

चिकित्सक: हा स्कर्व्ही, क जीवनसत्त्व कमी पडून होणारा रोग. कुतमध्ये तो हिंदी शिपायांतच फार झाला, कारण ते बरेच दिवस घोडा खात नव्हते. बखरवाले, दात पणजोबांच्या बाजूने साक्ष देतायत.

बखरवाला: बरं, मान्य. एका पणजोबांपुरतं.

रस्सावाली: पॉपकॉर्न संपत आले, बेळगाव अजून कुणी कसं काढलं नाही?

सीमावासी: घ्या, काढलं. निपाणीच्या आत्याचं वीजबिल कानडीत येतं, ती चष्मा लावून नुसता आकडा वाचते. 1956 ला रेघ ओढायला लंडनहून कुणी आलं नव्हतं.

दिवाभीत: आत्यावर कुणी वायू सोडला नाही. कुठे काय जोडताय?

चिकित्सक, एकच सांगा. मोसुलच्या लोकांना कुणी विचारलं होतं का?

चिकित्सक: विचारलं होतं. 1925 ला लीगचा आयोग तिथे फिरला. अहवालात लिहिलं की नुसता वंशच बघायचा तर स्वतंत्र कुर्द राज्य करावं लागेल, कारण आठात पाच माणसं कुर्द आहेत.

दिवाभीत: आणि मग दिलं इराकला.

चिकित्सक: हो, दिलं. बरं, तेवढं साहेबांच्या नावावर लिहा. पेन्सिल मात्र मागे घ्या.

दिवाभीत: घेतली. शाईपेन लिहितो.

सातारी_तोफ: ते सगळं ठीक. बखरवाले पणजोबांची माफी कधी मागतायत?