आमच्या इन्चार्ज सिस्टर 31 मेला रिटायर होतायत. त्यांच्याबद्दल काय आणि कसं लिहू?

लातूरची_सिस्टर

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात नवजात शिशू कक्षात, म्हणजे एसएनसीयूत, अधिपरिचारिका आहे. आमच्या परिसेविका, म्हणजे वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर, 58 पूर्ण करून 31 मेला निवृत्त होतायत. आम्ही त्यांना नुसतं 'बाई' म्हणतो. 12 मेला परिचारिका दिनाचा कार्यक्रम होईल, शाल-श्रीफळ मिळेल. ते दरवर्षी कोणाला ना कोणाला मिळतंच. पण बाईंनी काय केलं ते कुठंतरी कागदावर राहावं असं मला मनापासून वाटतं.

दोन गोष्टी सांगते.

नोकरीला लागून मला आठ महिने झाले होते. नाईट होती, 19 बाळं आणि आम्ही दोघी. झटके येणाऱ्या एका दोन किलोच्या बाळाला फिनोबार्बिटोन द्यायचं होतं. केसपेपरवर '.5 मिली' लिहिलेलं. तो टिंब मला दिसलाच नाही, मी 5 मिली भरलं. सिरिंज हातात घेऊन वॉर्मरपाशी, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या खाटेपाशी, गेले तेव्हा जोडीदारीण म्हणाली, "एवढं?" आणि माझे हातपाय गार पडले. बाळाला काही गेलं नाही. पण सकाळी साडेसातला बाई आल्या तेव्हा मी लिननच्या कपाटामागं रडत होते.

"रडायलीस कामून? बाळाला गेलं का औषध? नाही ना? मग आधी चहा घे." एवढंच बोलल्या. मग शेजारी बसून रजिस्टरमध्ये झालेला प्रकार मला माझ्या अक्षरात लिहायला लावला. माझी सही झाल्यावर खाली स्वतः लिहिलं, 'त्या रात्री दोघींवर 19 बाळं होती. ड्युटी लिस्ट मी लावलेली आहे.' आणि सही केली. मला मेमो मिळाला असता तर मी नोकरी सोडली असती, हे खरं सांगते. त्याच दिवशी त्या डॉक्टरांकडं गेल्या आणि टिंबाच्या आधी शून्य लिहायचंच असं ठरवून आल्या. तेव्हापासून आमच्याकडं एकजण भरते आणि दुसरी मोठ्यानं वाचते. औषधाच्या ट्रॉलीवर डायल्यूशनचा, म्हणजे औषध किती पातळ करायचं त्याचा, तक्ता बाईंच्या हातचा आहे.

दुसरी गोष्ट येळवसची, म्हणजे वेळ अमावास्येची. आमच्या भागात त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं, लग्न झालेल्या पोरींना सासरी जावंच लागतं. ड्युटी लिस्ट लागायच्या आधी जी ती ऑफसाठी मागं लागते. बाईंनी पाच वर्षं त्या दिवशीची ड्युटी स्वतःच्या नावावर लावली. संध्याकाळी आम्ही डब्यात भज्जी आणि आंबील आणायचो, तेव्हा कुठं त्या जेवायच्या.

आता प्रश्न असा की हे कोणाला लिहायचं आणि कोणत्या शब्दांत? मी लिहायला बसले की 'मातृतुल्य', 'कर्तव्यदक्ष' असलेच शब्द येतात आणि बाई त्यात कुठंच दिसत नाहीत.

निवृत्त_अधिसेविका_परभणी

बाळा, तू इथं जे लिहिलंस तेच लिही, नवीन काही शोधू नकोस. 'मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष' अशी पत्रं माझ्या टेबलावर ढिगानं यायची, एकही लक्षात राहिलं नाही. घटना लिही. महिना कोणता, शिफ्ट कोणती, बाळं किती, स्टाफ किती, बाईंनी काय केलं आणि त्यानंतर वॉर्डात काय बदललं. तो शून्याचा नियम सगळ्यात आधी घाल, कारण तो बाई गेल्यावरही चालणार आहे. बाळाचं किंवा आईचं नाव कुठंही येऊ देऊ नकोस.

पत्र अधिसेविकांमार्फत, म्हणजे मेट्रनमार्फत, जिल्हा शल्यचिकित्सकांकडं पाठव, मेडिकल कॉलेज असेल तर अधिष्ठात्यांकडं. आवक नंबर घे आणि एक प्रत बाईंच्या वैयक्तिक फाईलला लावायची विनंती पत्रातच कर. हे त्या सेवेत असतानाच व्हायला पाहिजे. केंद्र सरकारचा परिचारिकांसाठीचा राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार 1973 पासून आहे, राष्ट्रपतींच्या हस्ते देतात. आपल्याकडच्या किती चांगल्या परिसेविकांचं नाव कधी वर गेलंच नाही, कारण त्यांच्या कामाचा कागद कोणी केलाच नव्हता. मी स्वतः अधिसेविका असताना दोघींच्या बाबतीत हे राहून गेलं, त्याची बोच अजून आहे.

एक काळजी घे. औषधाचा प्रसंग लिहिण्याआधी बाईंना विचार, आणि त्या जोडीदारणीलाही.

बीडचा_ब्रदर

मॅडमनी सांगितलं ते बरोबरच आहे, पण पत्र एकटीचं नको. वॉर्डात मदतीला असणाऱ्या मावशींना विचारा, सफाईच्या मामांना विचारा. त्यांना लिहिता येत नसेल तर ते बोलतील तसं तुम्ही उतरवून घ्या. आमच्या इन्चार्ज सिस्टरची बदली झाली तेव्हा आम्ही सगळ्या स्टाफनं मिळून लिहिलं. सगळ्यात चांगलं वाक्य मावशींचं निघालं. "सिस्टर मला खुर्चीवर बसून जेव म्हणायच्या." आम्ही चार वर्षं सोबत काम करून आम्हाला ते माहीत नव्हतं.

आणि वर्गणी काढून सोन्याची वस्तू वगैरे देऊ नका. भेटवस्तूंवर सरकारी कर्मचाऱ्यांच्या 1979 च्या वर्तणूक नियमांत बंधनं आहेत, शेवटच्या महिन्यात बाईंना त्रास नको.

जालन्याची_आई

मी नर्स नाही. माझी मुलगी 1400 ग्रॅमची होती, 26 दिवस अशाच कक्षात होती. मला हात लावायची भीती वाटायची. तिथल्या मोठ्या सिस्टरनी तिला माझ्या छातीशी कातडीला कातडी लावून बांधलं, वरून पदर नीट केला आणि म्हणाल्या, "हीच आता हिची पेटी." दर दोन तासांनी वाटी-चमच्यानं दूध कसं पाजायचं ते त्यांनीच शिकवलं. मुलगी आता बालवाडीत जाते. त्या सिस्टरचं नाव मला माहीत नाही, विचारायचं सुचलंच नाही. तुमच्या पत्रात एखाद्या आईचंही बोलणं येऊ द्या ताई. फॉलोअपला येतात ना बायका, त्यांना विचारा.

लातूरची_सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. जालन्याच्या ताई, तुमचं वाचून डोळे भरून आले. फॉलोअपच्या दिवशी दोन आयांशी बोलले, त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत घेतलंय. मावशींचंही घेतलं. नऊ जणांच्या सह्या झाल्या, जोडीदारीण सगळ्यात आधी सही करून गेली.

काल बाईंना कच्चं पत्र दाखवलं. चष्मा लावून पूर्ण वाचलं. औषधाच्या प्रसंगाला हो म्हणाल्या, "पण तुझं नाव नको, नवीन सिस्टर एवढंच लिही." मग येळवसच्या ओळीपाशी थांबल्या. मी लिहिलं होतं, 'बाईंनी त्या दिवशी एकटीनं वॉर्ड सांभाळला.' माझ्या हातातला पेन घेऊन 'एकटीनं' खोडलं आणि समासात त्या दिवशी सोबत असलेल्या मावशींचं नाव लिहिलं. पाच वर्षांत तीन मावशी बदलल्या होत्या, तिघींची लिहिली.

सोमवारी पत्र आवकला देते.