व्हॉल्व्ह ॲम्पमधले एलईडी कशावर चालवू? मदत हवी आहे

मंडळी, घरी बांधलेल्या गिटार ॲम्पमध्ये दोन ईएल८४ आणि तीन १२एएक्स७ व्हॉल्व्ह (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब) आहेत. जाळीमागे सहा पिवळे एलईडी लावायचेत. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या फिलामेंटच्या ६.३ व्होल्ट एसीवर ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) आणि कपॅसिटर लावून पाहिलं. काचेवर उजेड इतका सुरेख पडला! पण स्पीकरमधून बारीक चरचर सुरू झाली. एलईडीची वायर काढली की लगेच शांत. ट्रान्सफॉर्मरचं फिलामेंट वाइंडिंग ३ अँपिअरचं, व्हॉल्व्ह साधारण २.४ खातात, म्हणजे लोडचा प्रश्न नसावा. त्या वाइंडिंगचा सेंटर टॅप (मधला जोड) चासीला असल्यामुळे ब्रिजचं निगेटिव्ह मुद्दाम चासीला जोडलेलं नाही. ३०० व्होल्टच्या एचटीच्या (व्हॉल्व्हच्या हाय व्होल्टेज सप्लायच्या) वाटेला जायचं नाही, हे नक्की.

रेक्टिफायर काढून, रेझिस्टर लावलेल्या उलटसुलट एलईडीच्या जोड्या थेट एसीवर चालवल्या तर चरचर जाईल का? की वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मरच बसवू? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.