पाच मिनिटांत टू-वे अ‍ॅनोव्हा? नाना, जरा थांबा

खुरपं
काल नानांनी इथेच 'एक्सेलमध्ये पाच मिनिटांत टू-वे अ‍ॅनोव्हा' असा लेख टाकला (टू-वे अ‍ॅनोव्हा म्हणजे दोन घटकांचा परिणाम एकत्र तपासायची संख्याशास्त्रीय पद्धत). रब्बी कांदा, सिंचनाच्या तीन पद्धती (सरी, ठिबक, तुषार), नत्राच्या चार मात्रा, तीन रेप्लिकेशन (म्हणजे प्रत्येक जोडी तीनदा). आकडे एक्सेलच्या टूलपॅकमध्ये ढकलले, इंटरॅक्शन (एका घटकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असणं) एनएस, म्हणजे नॉन-सिग्निफिकंट, आली आणि शेवटचं वाक्य: "इंटरॅक्शन नाही, म्हणजे तिन्ही पद्धतींना नत्राची एकच मात्रा चालते. विषय संपला." खाली 'उपयुक्त माहिती सर' म्हणून हात जोडलेल्यांची रांग. माझा चहा गार झाला, म्हणून हा वेगळा धागा.

नाना, प्लॉट ३६ हे खरं. पण ठिबकच्या नळ्या प्रत्येक वाफ्याला वेगळ्या टाकल्या होत्या का? तुमच्याच फोटोत दिसतंय की एका रेप्लिकेशनमध्ये ठिबकचा एक सलग पट्टा आहे आणि नत्राचे चार वाफे त्याच्या पोटात आहेत. म्हणजे सिंचनाची चिठ्ठी पट्ट्यावर पडली, नत्राची वाफ्यावर. याला स्प्लिट प्लॉट म्हणतात हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. सिंचनाचे पट्टे एकूण नऊ. मग सिंचनाबद्दल बोलताना ३६ ची ऐट कशाला? फॅक्टोरियल आरबीडी (बाराही जोड्यांची चिठ्ठी सुट्या वाफ्यांवर) धरलं तर एररला, म्हणजे योगायोगाच्या चढउताराला, २२ डीएफ (स्वातंत्र्यांश) आणि सिंचनासाठी ५ टक्क्यांचा टेबल एफ, म्हणजे ओलांडायची मर्यादा, ३.४४. स्प्लिट प्लॉट धरलं तर एरर (अ) ला, म्हणजे पट्ट्या-पट्ट्यांमधल्या चढउताराला, फक्त ४ डीएफ आणि टेबल एफ ६.९४. सिंचनापुढचे तुमचे दोन तारे (फरक खात्रीचा असल्याची खूण) या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी लटकले आहेत.

आणि तुमच्या तक्त्यात तर एरर २२ पण नाही, २४ आहे! कारण एक्सेलचा 'विथ रेप्लिकेशन' पर्याय ब्लॉक (शेताचा एकसारखा तुकडा, इथे एकेक रेप्लिकेशन) ओळखतच नाही. ओढ्याकडचा ब्लॉक भारी जमिनीचा, बांधाकडचा मुरमाड, आणि हा सगळा फरक गेला एररच्या पोटात. मग ब्लॉक पाडले कशाला, फोटोपुरते?

नाना_विस्तारवाले
खुरपंराव, तीस वर्षं बांधावर गेली माझी. एकाही शेतकऱ्यानं मला एरर (अ) विचारलेली नाही. "साहेब, युरिया किती टाकू?" एवढंच विचारतात.

राहिला स्प्लिट प्लॉटचा धाक. तुमच्या दैवतानंच, म्हणजे अ‍ॅनोव्हाचा जनक खुद्द फिशरनं, १९२३ मध्ये मॅकेन्झीबरोबर इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रातल्या बटाट्याचं पृथक्करण छापलं, जाती गुणिले खतं. त्यातही वाटणी स्प्लिट प्लॉटसारखीच होती आणि त्यानंही सगळं एकाच एररवर तपासलं होतं. त्याला चालतं, मला नाही?

खुरपं
त्यानं १९२५ च्या पुस्तकात त्यातल्याच आकड्यांचं नीट पृथक्करण करून दाखवलं, नाना. चूक दोन वर्षांत सुधारली. तुमचा लेख अजून तसाच आहे.

एमेस्सीचा_बळी
हे स्प्लिट प्लॉट वगैरे ठीक आहे, पण तुमचे ३६ च्या ३६ प्लॉट काढणीपर्यंत जिवंत राहिले हेच मला स्वप्नवत वाटतंय. माझा भुईमूग होता. दोन जाती गुणिले चार अंतरं, तीन रेप्लिकेशन, २४ प्लॉट. काढणीच्या आठवड्यात रात्री रानडुकरं आली आणि शेवटच्या ब्लॉकमधले तीन प्लॉट नांगरल्यासारखे करून गेली. सकाळी मी बांधावर बसून शेंगांची टरफलं मोजत होतो. गाईडना फोन केला. ते म्हणाले, "उरलेल्या दोन रेप्लिकेशनची सरासरी टाक आणि पुढे हो." टाकली. व्हायव्हात कोणी विचारलं नाही. आजही सीडीचा (क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे किती फरक खरा मानायचा) तक्ता बघितला की पोटात गोळा येतो.

नाना_विस्तारवाले
भुईमूग लावून राखण ठेवली नाही? कमाल आहे. चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधायच्या.

जिरायती
साड्यांना डुकरं आता ओळखतात नाना. आमच्याकडे तर साडीखालून वाट पाडली आहे. केशकर्तनालयातले केस आणून टाकले तर चार दिवस फरक पडतो, पाऊस आला की पुन्हा पहिले पाढे. झटका मशीन हाच उपाय, पण गवत तारेला टेकलं की करंट उतरतो. रोज तार साफ करणार कोण?

संख्यावेडी
झटका मशीन बाजूला ठेवा. एमेस्सी, तुमच्या गाईडनी जे सांगितलं ते चुकीचं होतं आणि ते का, हे तुम्हाला कळायला हवं होतं. सरासरी टाकली की ते तीन आकडे आपल्या शेजाऱ्यांशी इतके गोड वागतात की एरर कृत्रिमपणे खाली येऊ शकते. शिवाय डीएफ १४ चेच ठेवले असणार तुम्ही. संख्याशास्त्रज्ञ येट्सनं १९३३ मध्ये यासाठी सूत्र दिलंय: ट्रीटमेंटची बेरीज गुणिले ट्रीटमेंटची संख्या, अधिक ब्लॉकची बेरीज गुणिले ब्लॉकची संख्या, वजा एकूण बेरीज, भागिले (ट्रीटमेंट वजा १) गुणिले (ब्लॉक वजा १). एक प्लॉट गेला तर एवढ्यानं भागतं, तीन गेले तर आळीपाळीनं अंदाज घालत आकडे स्थिर होईपर्यंत फिरवायचं. आणि मुख्य म्हणजे एररमधून तीन डीएफ वजा. १४ चे ११.

एमेस्सीचा_बळी
१४ च ठेवले होते. 🙏 डिग्री परत करू का?

आर_वाला
येट्सच्या सूत्राचं एवढं कौतुक का चाललंय कळेना. हाताने बेरजा करायच्या काळातली ती सोय. तो आकडा म्हणजे उत्पादन नाही, गणित जुळवायची खुंटी आहे. आज प्लॉट रिकामा सोडा आणि मॉडेल बसवा. फक्त एवढं लक्षात ठेवा की संख्या असमान झाली की घटकांचा क्रम बोलायला लागतो. आर या सॉफ्टवेअरच्या एओव्ही फंक्शनमध्ये जात आधी लिहिली की एक एफ आणि अंतर आधी लिहिलं की दुसरा, कारण ते टाइप एक (घटक लिहिल्या क्रमानं मोजणाऱ्या) बेरजा देतं. एसपीएसएस हे दुसरं सॉफ्टवेअर मुकाट्यानं टाइप तीन (प्रत्येक घटक बाकीचे धरून झाल्यावर) देतं. आमच्याकडे दोन विद्यार्थी एकाच डेटावर दोन उत्तरं घेऊन आठवडाभर अबोला धरून होते. दोघांचंही बरोबर होतं, प्रश्नच वेगळे होते.

शब्दप्रेमी
'एरर', 'रेप्लिकेशन', 'इंटरॅक्शन', 'सीडी'. अहो, प्रचरण (व्हेरियन्स), त्रुटी, पुनरावृत्ती, आंतरक्रिया हे शब्द मराठीत आहेत! आपणच वापरले नाहीत तर कोण वापरणार? संख्याशास्त्रज्ञ सुखात्मे साताऱ्याकडच्या बुध गावचे. पानसे-सुखात्मेंचं शेती-संख्याशास्त्रावरचं १९५४ चं पुस्तक देशभरच्या कृषी महाविद्यालयांत चालतं आणि त्यांच्याच मुलखात...

जिरायती
पानसे-सुखात्मेंनी इंग्रजीतच लिहिलंय ते पुस्तक.

शब्दप्रेमी
हा कुजकटपणा झाला.

प्लेटवाली
मी शेतीवाली नाही. प्रयोगशाळेत पेशी वाढवते, ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये. पण नानांचं ते "इंटरॅक्शन नाही" वाक्य मलाही खुपलं. इंटरॅक्शन एनएस आली म्हणजे इंटरॅक्शन नाही असं होत नाही. दोन गुणिले दोन प्रयोगात फरकातल्या फरकाचं (म्हणजे इंटरॅक्शनचं) व्हेरियन्स, म्हणजे चढउताराचं माप, मुख्य परिणामाच्या चौपट असतं. म्हणजे मुख्य परिणामाएवढीच मोठी इंटरॅक्शन तितक्याच खात्रीनं पकडायला चौपट प्लॉट लागतात. तीन रेप्लिकेशनमध्ये तुम्ही मांजराला शोधायला चाळणी लावलीत आणि म्हणालात, मांजर नाही.

दुसरं, मोजपट्टी. समजा एका वाणात नत्रानं १० चे २० झाले आणि दुसऱ्यात ३० चे ६०. वाढ एकीकडे १०, दुसरीकडे ३०, म्हणजे ठणठणीत इंटरॅक्शन. लॉग घ्या, दोन्हीकडे दुप्पट, इंटरॅक्शन गायब. आमच्या एका पेपरात परीक्षकाच्या सांगण्यावरून लॉग घेतला आणि निष्कर्षाचं अर्धं पानच उडालं. तेव्हा रडले होते. आता वाटतं, बरं झालं.

नाना_विस्तारवाले
मांजर, चाळणी, लॉग. शेतकऱ्याला क्विंटलमध्ये भाव मिळतो, लॉग क्विंटलमध्ये नाही. चौपट प्लॉट कुठून आणू? एका हंगामात एका प्रयोगाला मजूर मिळवताना जीव जातो. दोन घटक एकत्र लावायचा फायदाच हा की नत्राची प्रत्येक मात्रा मला नऊ वाफ्यांवर बघायला मिळते. वेगळे प्रयोग घेतले असते तर दुप्पट जमीन लागली असती. तुम्ही लोक एसीत बसून...

प्लेटवाली
एसी पेशींसाठी असतो, नाना. आम्ही कुडकुडतो.

खुरपं
नऊ वाफ्यांचा मुद्दा मान्य. सगळ्या पद्धतींवर सरासरी काढून नत्राबद्दल बोललात तर मी एक शब्द बोलणार नाही. नत्र वाफ्यावर वाटलं गेलंय, तिथे एररला १८ डीएफ आहेत, भरपूर झाले. पण तुम्ही सरासरीवर थांबला नाहीत. ठिबकवाल्याला आणि सरीवाल्याला तीच मात्रा सांगितलीत, आणि पुरावा काय, तर एनएस! सरीत नत्र पाण्याबरोबर खाली वाहून जातं, ठिबकमधून ते हप्त्यानं मुळाशी देता येतं. इंटरॅक्शनची शक्यता सगळ्यात जास्त याच जोडीत, आणि तुम्ही तीच "विषय संपला" म्हणून पुसलीत. नुसते बारा सरासरीचे आकडे छापले असते तरी लोकांनी स्वतः बघितलं असतं. तक्त्यात तेही नाहीत.

आणि हो, मला वैयक्तिक राग आहे. माझ्या वडिलांनी अशाच एका घडीपत्रिकेवर विसंबून ठिबकवर सरीचीच पूर्ण मात्रा टाकली होती. पात माजली, माना जाड राहिल्या आणि निम्मा कांदा चाळीत सडला. हा पुरावा नव्हे, माहीत आहे. पण वास अजून आठवतो.

जिरायती
चाळीत सडायला नत्रच कारण कशावरून? पाणी उशिरा तोडलं असेल.

खुरपं
असेलही. म्हणून तर दोन घटकांचा प्रयोग करतात ना, राव!

नाना_विस्तारवाले
काल रात्री भाच्याला बसवून स्प्लिट प्लॉट करून घेतला. खुरपंरावांच्या समाधानासाठी सांगतो, सिंचनापुढचे दोन्ही तारे गेले. नत्राचे राहिले, उलट एकाचे दोन झाले. इंटरॅक्शन तरीही एनएसच, हे कृपया नोंदवून घ्यावं. बारा सरासरी लेखात टाकतो. ठिबकच्या ओळीत १०० किलोनंतर उत्पादन वाढत नाही आणि सरीत १५० पर्यंत वाढतंय असं दिसतंय खरं, पण मी काही बोलणार नाही, नाहीतर तुम्ही म्हणाल, एनएस असताना बोललात कसे.

संख्यावेडी
"दिसतंय, पण या प्रयोगातून खात्री देता येत नाही" असं लिहा नाना. एवढं वाक्य चालतं.

नाना_विस्तारवाले
ते फ्लेक्सवर मावत नाही, बाई. शिवाय फ्लेक्स छापून झालाय.

एमेस्सीचा_बळी
जिरायती, ते झटका मशीन कितीला पडलं? व्यनि करा.