रात्रीस खेळ चाले: आधी कोणता सीझन लावू? आणि अण्णा भारी की माई?

झोपमोडी
नमस्कार मंडळी. ही झी मराठीवरची भुतांची मालिका (कोकणातलं नाईकांचं घर, घरधनी अण्णा, त्याची बायको माई) टीव्हीवर लागायची तेव्हा मी हॉस्टेलवर, त्यामुळे 2016 चा पहिला सीझन शून्य बघितलाय आणि दुसऱ्याचे नुसते तुकडे, ते पण रील्समध्ये, म्हणजे अण्णा मिशीला पीळ देतायत आणि शेवंता वळून बघतेय एवढंच. आता आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दीड महिना घरात, तर दोघींनी मिळून झी फाइव्हवर सुरुवातीपासून बघायचं ठरवलंय. पण दुसरा सीझन म्हणजे आधीची गोष्ट ना? मग तोच आधी लावू का? मावशी म्हणते दोनच बघा, एकमध्ये नुसते दरवाजे करकरतात. मावसभाऊ म्हणतो दोन आधी बघितलास तर एकची पार वाट लागेल. आणि तिसरा बघण्यासारखा आहे का? भांडू नका प्लीज. म्हणजे भांडा, पण पटकन सांगा, रिमोट आईच्या हातात आहे.

कुडाळचो झील
पयलो सीझन आदी बग. बाकी काय इचारूच नको.

बरं, मराठीत लिहितो. दोनमध्ये अण्णा कसा माणूस होता ते सगळं उघडून दाखवलंय. एकमध्ये अण्णा सुरुवातीलाच वारतो आणि मग घरातला जो तो आपापला अण्णा सांगत बसतो, मुलांत दत्ताचा वेगळा, माधवचा वेगळा, माईचा तर ती धड सांगतच नाही. मजा त्यात आहे. दोन बघून एक लावलंस तर तुला आधीच सगळं ठाऊक, मग घाबरणार कशाला.

आमच्या घरी तेव्हा साडेदहाला मालिका आणि संडास मागच्या परसात. आमची आवस सव्वादहालाच सगळ्यांना बॅटरी देऊन पाठवायची, नंतर कोण उठणार नाय म्हणून. अकरा वाजता पडवीतला लाइट बंद करायला कोणी जायचं यावरून आम्हा भावाभावांत रोज मारामारी. बापूस म्हणायचा नाटकं आसत सगळी, पण तो पण जायचा नाय.

शेवंता फॅन क्लब (एकमेव सदस्य)
वरच्या प्रतिसादाशी पूर्ण असहमत. पहिल्या सीझनमध्ये पहिले दोन महिने काय होतं सांगा बरं? कोणीतरी दचकतं, म्युझिक वाजतं, सगळे धावत येतात, कोणीतरी म्हणतं काय झालां, आणि जाहिरात. दुसऱ्या दिवशी कळतं मांजर होतं. दुसऱ्या सीझनमध्ये भूत बाजूलाच राहिलं, माणूसच एवढा भयानक की भुताची गरज नाही. माधव अभ्यंकरांचा अण्णा नुसता खळ्यात येऊन उभा राहिला की घरातल्या बायकांची चाल बदलते, हे नीट बघा, ओरडत पण नाही तो दरवेळी. आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता आली तिथून तर मालिका तिचीच झाली. लोकांनी तिचे नुसते मीम केले पण नवऱ्याच्या, पाटणकरांच्या घरात ती जशी कंटाळलेली दाखवलीय ते बघा, मग अण्णाच्या नादी ती का लागली ते कळतं. दोन आधी बघ गं, बिनधास्त.

निलिमाचं बरोबर होतं
मांजर रोज नव्हतं हो 😄 पण मुद्दा मान्य, एक ताणलाय.

तरी मी एकच आधी म्हणेन, माझं कारण वेगळं आहे. एकमध्ये निलिमा आहे. मुंबईची सून, प्रत्येक गोष्टीला शास्त्रीय कारण शोधणारी, आणि बाकीचं घर देवाक गाऱ्हाणा घाला म्हणणारं. मालिका सुरू झाली तेव्हा सिंधुदुर्गात बराच विरोध झालेला, कोकणची बदनामी करतात, अंधश्रद्धा पसरवतात, बंद करा वगैरे. तेव्हा मला पण थोडं पटलेलं. पण परत बघताना लक्षात आलं की घरातलं भांडण भुताचं नाहीच, इस्टेटीचं आहे. सरिताला वाटतं आम्ही इथे राबलो आणि हे मुंबईकर आयते येऊन हिस्सा मागणार. हे आमच्या घरात मी चार काकांमध्ये बघितलंय, फक्त आमच्याकडे बॅकग्राउंड म्युझिक नव्हतं. सरिता-दत्ताच्या स्वयंपाकघरातल्या कुजबुजी सोडू नकोस, सगळं तिथे आहे.

शेवट सांगत नाही. तो आवडेल असं नाही, बऱ्याच जणांना आवडला नव्हता.

कुडाळचो झील
@निलिमाचं बरोबर होतं, विरोध झालेला खरा. आणि आता जिथे शूटिंग झालं त्याच आकेरीत लोक वाडा बघायला गाड्या घेऊन येतात, सावंतवाडीला जाता जाता खास थांबतात. मी गेलेलो पाहुण्यांना घेऊन, बाहेरून साधं कौलारू घर, दुपारी ऊन पडलेलं, कसली भीती नि काय. पाहुणा म्हणतो हाच काय तो? पण त्याच्या बायकोने गेटाच्या आत पाय ठेवला नाय.

रच्याकने, मालिकेतली मालवणी आमची मालवणी नाय, तुमच्यासाठी पाणी घालून पातळ केलेली आहे. आमच्या आजयेचा एक वाक्य तुमका कळूचा नाय. पण वच्छी तोंड उघडते तेव्हा बरां वाटता.

गॅलरीतून
संजीवनी पाटीलची वच्छी!! तिचे शिव्याशाप ऐकून माझी सासू खरोखर टीव्हीसमोर मीठमोहऱ्या घेऊन उभी राहिली होती एकदा, दृष्ट कोणाची काढत होती देव जाणे.

आणि तुम्ही सगळे अण्णा-शेवंता करताय पण प्रश्नात माई पण आहे, तिच्यावर कोणी बोलेचना. माझ्या मते तिन्ही सीझन माईचेच, म्हणजे शकुंतला नरेंचे. नवरा बाहेर काय करतो हे तिला माहितीय, तिला माहितीय हे घरातल्या सगळ्यांना माहितीय, आणि तरी पान वाढलं जातं. इंदू अशी हाक आली की हातातलं काम टाकून उठते ना ती, ते उठणं बघा. घाबरून पण नाही आणि प्रेमाने पण नाही, सवयीने. माझी आत्या अशीच उठायची. मला शेवंतापेक्षा त्या उठण्याची जास्त भीती वाटलीय खरं सांगते. आणि एकमध्ये ती विधवा म्हणून कोपऱ्यात बसलेली असते ती दोन बघितल्यावर वेगळीच दिसते, म्हणजे आपण तिला नुसती बिचारी समजत होतो. म्हणून माझं मत एक, मग दोन, आणि मग जमलं तर एकचे पहिले पंधरावीस भाग परत.

शेवंता फॅन क्लब (एकमेव सदस्य)
ओके हे पटलं. माईसाठी एक आधी चालेल. शेवंतासाठी दोनच.

पांडू इसरलंय
घरातल्या गड्याबद्दल, पांडूबद्दल कोणीच काय लिहिलं नाय? तो इसरलंय म्हणायच्या आधी थांबतो ना, डोळे मिचकावतो, तुम्हाला वाटतं आता सांगणार, आता खुनाचा उलगडा होणार, आणि मग इसरलंय. प्रल्हाद कुडतरकर नुसता नट नाही, लिहिणाऱ्यांतला पण तोच, त्यामुळे स्वतःला बरोब्बर मोजून वाक्यं दिलीत.

तिसऱ्याचं सांगतो कारण कोणी सांगत नाहीये. मार्च 2021 ला आला, रात्री अकराचा टाइम, थोडे भाग झाले की लॉकडाउनमुळे बंद, ऑगस्टमध्ये परत सुरू. तोवर लोक विसरले (माझ्यासारखे). मग मध्येच शेवंता बदलली, कृतिका तुळसकर आली, तिचा काही दोष नाही पण आपल्या डोळ्यांना सवय झालेली. खरी गडबड वेगळीच. अण्णा आणि शेवंता भूत म्हणून एवढे वेळा समोर येतात, एवढं बोलतात, की ते शेजारी वाटायला लागतात. एकमध्ये अण्णा कुठेच नव्हता म्हणून सगळीकडे होता. तरी पडलेला वाडा आणि त्यात एकटी माई, ती सुरुवात बघ, मग धाकट्या मुलाचं, अभिरामचं कावेरीशी लग्न वगैरे आलं की जेवणं करत बघितलंस तरी चालेल.

झोपमोडी
सगळ्यांना धन्यवाद, एक-दोन-तीन असं ठरलं होतं.

ठरलं होतं म्हणजे, मी काल ऑफिसला गेले आणि आईने स्वतःच दोन लावला. अकरा भाग बघून झालेत. मी आले तर म्हणते तू बस एक बघत, मी तुला मधे मधे सांगत जाईन कोण कसं आहे ते. आता एका घरात दोन सीझन चालू आहेत, ती हॉलमध्ये आणि मी आत मोबाइलवर, आणि मला तिकडून अण्णाचा आवाज येतोय आणि माझ्याकडे अण्णाचं दहावं चाललंय. हे जास्त भीतीदायक आहे यार.

कुडाळचो झील
बॅटरी जवळ ठेव.